समासातली पेन्सिल

माझ्या भाचीने वाचायला नेलेले पुस्तक परत आणून दिले तेव्हा त्याच्या एका पानावर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि तिच्यासमोर समासात दोनच शब्द लिहिलेले होते : ‘असं नाही.’ पुस्तक आर्थर क्लार्क यांचे, १९६१ सालचे ‘अ फॉल ऑफ मूनडस्ट’. चंद्रावर पिठाहूनही बारीक धुळीचा एक समुद्र आहे, त्यावरून पर्यटकांना फिरवणारे वाहन एका हादऱ्यासरशी धुळीत बुडते आणि आत अडकलेल्या माणसांना बाहेर कसे काढायचे हा प्रश्न उभा राहतो. चौदा वर्षांच्या त्या मुलीने ही कादंबरी दोन दिवसांत संपवली होती. पुस्तक माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, “मावशी, चंद्रावर अशी धूळ नाहीच आहे. १९६६ मध्ये लूना ९ हे यान तिथे उतरलं, ते काही बुडलं नाही. मग हे सगळं चुकीचंच झालं ना?” मी दुसऱ्या कामात होते. मान वर न करताच मी म्हणाले, “अगं, कादंबरी आहे ती. पाठ्यपुस्तक थोडंच आहे?” ती “बरं” म्हणाली आणि गेली.

त्या ‘बरं’ने पुढचे कितीतरी दिवस माझा पिच्छा सोडला नाही.

मी दिलेले उत्तर खोटे होते आणि ते खोटे आहे हे मला देताक्षणीच कळले होते. ‘गोष्टच तर आहे’ या पडद्याआड जे लेखक लपत नाहीत, त्यांच्याच सोबतीत मी वाचनाचे आयुष्य काढले आहे. क्लार्क यांनाही ते उत्तर आवडले नसते. ती धूळ त्यांनी हवेतून काढलेली नव्हती. चंद्राच्या सखल भागांत बारीक धुळीचे जाड थर साचलेले असू शकतील, असे खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये गांभीर्याने मांडले होते आणि तेव्हा ते ठामपणे खोडून काढण्याचे साधन कोणाकडे नव्हते. ती शक्यता एकदा गृहीत धरल्यावर मात्र क्लार्क यांनी स्वतःला कसलीही सवलत दिली नाही. धूळ उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून बुडालेल्या वाहनातल्या माणसांना हवेच्या आधी त्यांच्या स्वतःच्याच शरीरातून निघणाऱ्या उष्णतेची चिंता पडते. आणि वरून शोध घेणाऱ्याला डोळ्यांना न दिसणारे वाहन सापडते तेही अवरक्त किरणांत दिसणाऱ्या उष्णतेच्या पुसट खुणेवरून. म्हणजे माझ्या भाचीने जो प्रश्न विचारला तोच विचारण्याचा अधिकार या पुस्तकाने तिला पानोपानी दिला होता. मी तो एका वाक्यात काढून घेतला.

असा अधिकार मला पहिल्यांदा दिला तो मायकेल फॅरेडे यांनी. मी तेव्हा तिच्याहूनही लहान होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी त्यांनी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली होती आणि ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करत, बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकलेला हा माणूस समोरच्या मुलांना कुठेही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणत नाही. ते म्हणतात, करून बघा. मेणबत्ती हळूच विझवा, वातीवरून जी पांढरट रेघ वर चढते तिच्याजवळ पेटती काडी न्या, वातीला मुळीच लावू नका. मी ते केले. खोलीची खिडकी लावून घेतली होती, मेणाचा जड, किंचित तेलकट वास पसरला होता. काडी वातीपासून तीन बोटे वर असतानाच ज्योत त्या पांढऱ्या रेघेवरून खाली उतरली आणि वात पुन्हा पेटली. मी दचकून हात मागे घेतला. मग कितीतरी वेळ तेच करत राहिले. त्यानंतर ड्रॉपरची रबरी टोपी काढून उरलेली काचेची नळी थोरल्या भावाने चिमट्यात धरली आणि तिचे टोक ज्योतीच्या मधल्या काळसर भागात नेले. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी पांढरी वाफ आली. नळी जराशी वर, ज्योतीच्या उजळ भागात सरकवली तर पांढऱ्याऐवजी काळे येऊ लागले. म्हणजे घन मेण जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि ज्योतीचा जो पिवळा उजेड आपल्याला आवडतो तो तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. पुस्तकातले वाक्य आणि माझ्या बोटांना लागलेली काजळी या दोन गोष्टी त्या दिवशी एक झाल्या.

त्यानंतर पुस्तकांकडे बघण्याची माझी नजर बदलली. लेखक जे सांगतो आहे ते मला तपासता येईल अशी जागा त्याने ठेवली आहे का, हे मी नकळत शोधू लागले. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या १९५७ सालच्या ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये ती जागा अगदी उघडी आहे. आकाशाच्या छायाचित्रांत एक काळा डाग मोठा होत चाललेला दिसतो. तो किती दूर आहे ते माहीत नाही, त्याचा वेग किती तेही माहीत नाही. तरीही एक तरुण शास्त्रज्ञ फळ्यापाशी जातो आणि तो आपल्यापर्यंत कधी पोहोचेल ते सांगतो. कसे? समजा, डागाचा दिसणारा व्यास महिन्याला विसाव्या हिश्श्याने वाढतो आहे आणि तो सरळ आपल्याकडेच येतो आहे. मग अंतर कितीही असो, त्याचा विसावा हिस्सा एका महिन्यात कापला गेला, म्हणजे पोहोचायला साधारण वीस महिने. अंतर आणि वेग दोन्ही अज्ञात, पण त्यांचा भागाकार हातात. कादंबरीतले उत्तर साधारण अठरा महिन्यांचे निघते आणि हॉइल यांनी त्याची समीकरणे चक्क तळटीपेत छापली आहेत. ती तळटीप पहिल्यांदा समजली तेव्हा अंगावर काटा आला होता. येणाऱ्या संकटाचे भय होतेच, पण त्याहून जास्त काटा आला तो एवढ्याशा माहितीतून एवढे मोठे उत्तर निघू शकते याचा.

त्याच हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी करून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ही हकिकत बहुतेक मराठी वाचकांना पाठ आहे आणि तिच्यातली गंमत सगळे सांगतात. मला मात्र तिच्यात त्यांची वैज्ञानिकाची शिस्त दिसते. गणित कोणी मांडले यावर त्याचे उत्तर ठरत नाही. तेव्हा जगप्रसिद्ध असलेल्या माणसाने आपली कथाही त्याच कसोटीला लावावी, नाव झाकून ती लोकांपुढे ठेवावी, याचे मला अजून अप्रूप वाटते.

तपासता येण्याचा हा आनंद सर्वांत निखळ स्वरूपात मला दोन लेखकांमध्ये मिळाला. एकाने निबंध लिहिला, दुसऱ्याने कादंबरी, आणि माझ्या मनात त्या दोन्ही कायम शेजारी असतात. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचा १९२६ सालचा ‘ऑन बीइंग द राइट साइझ’ हा जेमतेम काही पानांचा निबंध आहे. हजार यार्ड खोल खाणीत उंदीर पडला तर त्याला थोडा धक्का बसेल आणि खाली जमीन जरा मऊ असेल तर तो चालू लागेल, घूस मरेल, माणसाची हाडे मोडतील, घोड्याचे काय होईल ते हॉल्डेन एकाच भयंकर क्रियापदात सांगतात. कारण सोपे आहे. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी केली तर वजन हजारपट कमी होते, पण पृष्ठभाग शंभरपटच कमी होतो; म्हणून पडताना हवेचा अडसर लहान जिवाला वजनाच्या मानाने दहापट अधिक मिळतो. मात्र ज्या कीटकाला गुरुत्वाकर्षणाचे भय नाही, त्याला पाण्याचे असते. एकदा भिजलेली माशी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी अंगावर घेऊन बसते आणि सुटण्याची आशा फारशी उरत नाही. हे वाचल्यानंतर छताला चिकटलेली पाल आणि पाण्याच्या थेंबात अडकलेली मुंगी मला वेगळ्या दिसू लागल्या. प्रत्येक आकाराच्या जिवाचे भय वेगळे असते, ही जाणीव मला कोणत्याही कवितेने दिली नव्हती. ती घन आणि वर्ग यांतल्या फरकाने दिली.

आणि मग हॅल क्लेमेंट यांची १९५३ मध्ये ‘ॲस्टाउंडिंग’ मासिकात क्रमशः आलेली ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’. क्लेमेंट यांचे खरे नाव हॅरी क्लेमेंट स्टब्स. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमाने चालवली आणि पुढे कितीतरी वर्षे ते शाळेत विज्ञान शिकवत राहिले. त्यांनी रचलेला मेस्क्लिन हा ग्रह गुरूच्या कित्येक पट वस्तुमानाचा आहे, पण तो जेमतेम अठरा मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्यामुळे तो दाबलेल्या गोळीसारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवावर जवळजवळ सातशेपट. समुद्र मिथेनचे, हवा हायड्रोजनची. तिथे राहणारे जीव गोमेसारखे, हातभर लांबीचे, जमिनीला चिकटून चालणारे. त्यांचा बार्लेनन हा खलाशी-व्यापारी नायक शूर आहे, चतुर आहे, घासाघीस करण्यात कोणाला हार जाणारा नाही. पण उंचीची त्याला धास्ती आहे. ध्रुवाकडे वीतभर उंचीवरून पडणे म्हणजे मरण, म्हणून या जमातीच्या मनात ‘वर’ नावाची दिशाच भयाने झाकलेली आहे. फेकणे ही कल्पना त्यांच्याकडे नाही, कारण सोडलेली वस्तू दिसेनाशी होऊन जमिनीवर आदळते. डोक्यावर काही असणे त्यांना सहन होत नाही. विषुववृत्ताजवळच्या ‘हलक्या’ प्रदेशात भेटलेल्या माणसांच्या रणगाड्याच्या छपरावर बार्लेननला ठेवले जाते, तेव्हा त्याला जे वाटते ते वाचताना माझ्याही पोटात गोळा येतो. हॉल्डेन यांनी ज्याचे नियम सांगितले ते भय क्लेमेंट यांनी एका पात्राच्या अंगात भरले. पुस्तकाच्या शेवटी, माणसांना हवी असलेली माहिती मिळवून दिल्यावर, बार्लेनन तिचे मोल म्हणून सोने-नाणे मागत नाही, विज्ञान मागतो. हे सगळे का घडते ते आम्हाला शिकवा, नाहीतर तुमची माहिती मिळणार नाही. आणि ज्यांना वीतभर उंचीची भीती वाटत होती, त्यांचेच जहाज अखेर तापलेल्या हायड्रोजनच्या फुग्याखाली हवेत तरंगते. इतक्या वर्षांत हा प्रसंग मी कोरड्या डोळ्यांनी वाचू शकलेले नाही.

कादंबरी क्रमशः चालू असतानाच त्याच मासिकात क्लेमेंट यांनी एक लेख लिहून आपण हा ग्रह कसा रचला ते सगळे उघड केले. त्यांच्या लेखी हा एक खेळ होता. लेखकाने ज्ञात नियमांशी जमेल तितके इमानी राहायचे आणि वाचकाने चुका शोधायच्या. वाचकांनी त्या शोधल्या. पुढे संगणकाने नेटके गणित केल्यावर ध्रुवावरचा आकडा सातशेपेक्षा पुष्कळ कमी भरला आणि क्लेमेंट यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. मेस्क्लिनची कल्पना ज्यावरून सुचली, तो ६१ सिग्नी या ताऱ्याभोवतीचा सोबतीही नंतरच्या निरीक्षणांत टिकला नाही. म्हणजे ग्रह नाही आणि सातशेचा आकडाही नाही. बार्लेनन मात्र आहे.

चूक सापडल्यावर लेखक काय करतो, यावरून मी आता लेखक ओळखते.

लॅरी निव्हन यांची १९६४ सालची पहिलीच छापून आलेली कथा बुधाच्या कायम अंधाऱ्या, गोठलेल्या बाजूवर घडते. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे बुध सूर्याकडे नेहमी एकच बाजू धरून फिरत होता. १९६५ मध्ये रडारने पाहिले तेव्हा तो साधारण ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो असे कळले, म्हणजे कायमचा अंधार तिथे नाहीच. नवख्या लेखकाची पहिली कथा छापून होते ना होते तोच जुनी झाली. पुढे १९७० मध्ये त्यांची ‘रिंगवर्ल्ड’ आली. ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढ्या त्रिज्येचे एक अवाढव्य कडे, आतल्या बाजूला समुद्र आणि डोंगर, आणि कडे फिरत असल्यामुळे पायांखाली वजन. पहिल्या आवृत्तीत नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी पृथ्वीवर चुकीच्या दिशेने उड्या मारत जातो, त्या हिशेबाने पृथ्वी उलटी फिरायला हवी. ते पुढच्या आवृत्त्यांत सुधारले गेले. दुसरी चूक मोठी होती. १९७१च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हॉटेलच्या मार्गिकांतून घोषणा दिल्या की हे कडे अस्थिर आहे. त्यांचे खरेच होते. ताऱ्याभोवतीचे अखंड, ताठ कडे जरा एका बाजूला सरकले की जवळची बाजू अधिक ओढली जाते आणि ते सरकतच राहते. शनीचे कडे एकसंध असू शकत नाही हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये अशाच विचाराने दाखवले होते. निव्हन यांनी यावर कडे सावरून धरणारी इंजिने कल्पिली आणि त्यांच्याभोवती दुसरी कादंबरी लिहिली. वाचकांनी काढलेल्या चुकीतून एक अख्खे पुस्तक जन्माला आले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. स्वतःच्या लिखाणातला दोष जाहीरपणे कोणी पकडला तर मान खाली जाणे स्वाभाविक आहे. तिथून पुढच्या पुस्तकाचे बीज उचलायला मन फार मोकळे लागते.

आयझॅक असिमॉव्ह यांनी वेगळा मार्ग घेतला. पन्नासच्या दशकात पॉल फ्रेंच या नावाने त्यांनी मुलांसाठी सूर्यमालेतल्या साहसकथा लिहिल्या. त्यांत शुक्रावर महासागर आहे. १९६२ मध्ये मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेले आणि तो महासागर कायमचा आटला. शुक्राचा पृष्ठभाग शिसे वितळावे इतका तापलेला आहे. सत्तरच्या दशकात ही पुस्तके पुन्हा छापली गेली तेव्हा असिमॉव्ह यांनी मजकूर बदलला नाही. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक टिपण जोडले आणि हे लिहिल्यानंतर कोणती माहिती बदलली ते बाल-वाचकांना सरळ सांगितले. मी माझ्या भाचीला जे सांगायला हवे होते ते नेमके हेच होते. मुलांना गोष्टही द्यायची आणि तिच्याविषयीचे सत्यही, दोन्ही हात भरून.

सगळ्याच चुका मला सारख्या प्रिय नाहीत, हेही खरे. अँडी विअर यांच्या ‘द मार्शियन’ची सुरुवातच एका वादळाने होते. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथले प्रचंड वेगाचे वारेही माणसाला जेमतेम झुळकीसारखे लागतील, ते यान उलथवू पाहणार नाहीत. विअर यांना हे ठाऊक होते आणि निसर्गानेच पहिला घाव घालावा म्हणून त्यांनी ही सूट जाणून घेतली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. बाकी सगळी कादंबरी मात्र त्यांनी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली आणि रसायनशास्त्र जाणणाऱ्या वाचकांनी कळवलेल्या दुरुस्त्या स्वीकारल्या. त्यांची कबुली मला पटते, तरी ते वादळ अजून खुपते. एवढ्या इमानदारीने पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या माणसाने दारातच असे का करावे? उलट अशीही पुस्तके मी वाचली आहेत, ज्यांत एकही आकडा चुकलेला नाही आणि एकही माणूस जिवंत नाही. पात्रे यानाच्या इंधनाचा हिशेब एकमेकांना ऐकवतात आणि मरतात, आणि आपल्याला दोन्ही वेळा काहीच वाटत नाही. असे पुस्तक मिटताना मला अपराधी वाटते, कारण लेखकाचे कष्ट दिसत असतात. पण नियमांशी इमानी राहणे ही सुरुवात झाली. त्या नियमांच्या कात्रीत सापडलेल्या कोणाची तरी धडधड ऐकू यायला हवी.

ती धडधड टेड चिआंग यांच्या २००८ सालच्या ‘एक्झॅलेशन’ या कथेत ऐकू येते. तिथले जग आपले नाहीच. तिथली माणसे धातूची आहेत, त्यांच्या छातीतली फुप्फुसे रोज हवेने भरून घ्यावी लागतात. घड्याळे पुढे धावू लागली आहेत असे वाटते, तेव्हा निवेदक आरशांची मांडणी करून स्वतःचाच मेंदू उघडतो आणि त्याला दिसते की विचार म्हणजे सोन्याच्या सूक्ष्म पानांना हलवणारा हवेचा प्रवाह आहे. घड्याळे बरोबर आहेत. भोवतालच्या हवेचा दाब वाढत चालल्यामुळे विचार मंदावले आहेत. सगळीकडे दाब सारखा झाला की सगळे थांबेल. या कथेतली एकही वस्तू अस्तित्वात नाही आणि तरीही ती आपल्या विश्वाविषयी खरी आहे, कारण आपणही अशाच एका उताराच्या, इथल्या-तिथल्या फरकाच्या जोरावरच जगतो. तो उतार संपत आला आहे हे त्या धातूच्या जिवाला कळते आणि तो शांतपणे, कृतज्ञतेने ते लिहून ठेवतो.

आणि प्रिमो लेव्ही. व्यवसायाने रसायनतज्ज्ञ, रंगांच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेला, नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून जिवंत परतलेला माणूस. त्याच्या १९७५ सालच्या ‘द पिरिऑडिक टेबल’चे शेवटचे प्रकरण कार्बनच्या एका अणूची गोष्ट सांगते. चुनखडीत युगानुयुगे अडकून पडलेला तो अणू कुदळीच्या घावाने आणि भट्टीच्या आचेने सुटतो, वाऱ्यावर भटकतो, एका पानात शिरतो, सूर्यप्रकाशाच्या मदतीने साखळीत बांधला जातो, एका देहातून दुसऱ्या देहात फिरतो आणि शेवटी लिहिणाऱ्याच्याच मेंदूत येऊन त्याच्या हाताला कागदावर एक टिंब द्यायला लावतो. लेव्ही यांनी हा प्रवास रचलेला आहे आणि ते तो लपवत नाहीत. पण ते सांगतात की अणूंची संख्या एवढी अफाट आहे की अशी कुठलीही कहाणी रचली तरी ती कोणत्या ना कोणत्या अणूच्या बाबतीत खरी निघेल. मी ते प्रकरण वाचले तेव्हा रात्र बरीच झाली होती. शेवटच्या टिंबावर बोट ठेवून मी बसून राहिले. छपाईची शाई होती ती, बोटाला काहीच लागत नव्हते. तरी फॅरेडे यांच्या नळीतून आलेल्या काजळीची मला आठवण झाली. तोही कार्बनच होता.

भाचीचा प्रश्न मनात घोळत असताना मी ही सगळी पुस्तके एकेक करून पुन्हा बाहेर काढली होती. माझ्याही जुन्या प्रतींच्या समासांत पेन्सिलीचे हिशेब होते. कुठे वर्ग, कुठे घन, कुठे नुसतेच प्रश्नचिन्ह. म्हणजे तिने ‘असं नाही’ लिहिले ते पुस्तक खराब करण्यासाठी नव्हते. तो वसा घरचाच होता. पुढच्या भेटीत मी तिला म्हणाले, “त्या दिवशी मी तुला नीट उत्तर दिलं नाही. तू म्हणालीस ते बरोबर होतं. क्लार्कची धूळ चंद्रावर नाही. पण ती असती तर काय झालं असतं, ते त्याने बरोबर लिहिलंय का, हे तू तपासलंस का?” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “उष्णतेचं पटलं मला.” मी तिच्या हातात क्लार्क यांचेच १९७३ सालचे ‘रॉन्देव्हू विथ रामा’ ठेवले. सूर्यमालेत येऊन पोहोचलेला एक पोकळ, प्रचंड दंडगोल, बाहेरून २० किलोमीटर व्यासाचा, आतून १६. चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी. आतल्या भिंतीवर चालणाऱ्या माणसांना त्या फिरण्यामुळेच वजन मिळते. मध्यभागी वर्तुळाकार वेढलेला समुद्र आहे. त्याचा उत्तरेकडचा कडा ५० मीटर उंच आणि दक्षिणेकडचा ५००. हा फरक कशासाठी, हे पुस्तकातली माणसे विचार करून ओळखतात, तो माझ्या मते क्लार्क यांच्या सगळ्या लिखाणातला सर्वांत देखणा क्षण आहे. तिला मी तो सांगितला नाही.

आठ दिवसांनी पुस्तक परत आले. एका पानाच्या समासात माझ्या विशीतल्या हस्ताक्षरात एक हिशेब होता, तो मी पार विसरून गेले होते. फेरीचा काळ २४० सेकंद, त्रिज्या १० किलोमीटर, उत्तर : पृथ्वीच्या ०.७ पट. त्याच्याखाली नव्या, टोकदार पेन्सिलीने लिहिले होते, ‘मावशी, माणसं आतून चालतायत. त्रिज्या ८ घे.’ आणि पुढे तिचे उत्तर, ०.५६.

मी कागद घेतला आणि पहिल्यापासून केले. दोन गुणिले पाय (π), त्याचा २४०ने भागाकार, त्याचा वर्ग, गुणिले ८,०००. जवळजवळ साडेपाच मीटर प्रतिसेकंद वर्ग, त्याला ९.८ने भागले. ०.५६. इतकी वर्षे तो चुकीचा आकडा माझ्या कपाटात होता आणि त्या पानावरून मी किती वेळा गेले असेन. संध्याकाळी तिचा फोन आला.

“आलं का?” तिने विचारले.

“आलं,” मी म्हणाले. “आता दक्षिणेच्या कड्याला ५०० मीटर कशाला लागतात, ते आकड्यांत काढून दाखव.”